विश्लेषण : एका फटक्याने पदक हुकते, पण गोल्फरची कारकीर्द कशी टिकते?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले आणि एरवी गोल्फकडे न फिरकणारे भारतीय त्या दिवशी पहाटेपासून टीव्हीसमोर बसले होते. पण ऑलिम्पिक चार वर्षांतून एकदा येते. उरलेल्या काळात व्यावसायिक गोल्फरचे पोट कशावर चालते? ‘टूर’, ‘कट’, ‘कार्ड’ म्हणजे नेमके काय?

टोकियोत नेमके काय घडले?

कासुमिगासेकी येथील मैदानाचे पार ७१, म्हणजे चार फेऱ्यांसाठी अपेक्षित फटके २८४. अदितीने ६७, ६६, ६८, ६८ अशा फेऱ्या खेळत २६९ फटक्यांत स्पर्धा संपवली. अमेरिकेच्या नेली कोर्डाने २६७ फटक्यांसह सुवर्ण जिंकले. जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को २६८ वर बरोबरीत राहिल्या. प्लेऑफमध्ये इनामीला रौप्य, लिडियाला कांस्य मिळाले. अदिती चौथी. १८व्या होलवरचा तिचा बर्डी पट थोडक्यात हुकला नसता, तर तीही त्या प्लेऑफमध्ये असती. तेव्हा ती जागतिक क्रमवारीत २००वी होती. करोनातून उठल्यानंतर तिच्या फटक्यांचे अंतर कमी झाले होते. ती कसर तिने ग्रीनवर, पटिंगमध्ये भरून काढली.

तिची वाटचाल कशी झाली?

बंगळूरुत १९९८ मध्ये जन्मलेल्या अदितीने पाचव्या वर्षी गोल्फ स्टिक हाती घेतली. डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत झालेली लेडीज युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा तिने १७व्या वर्षी जिंकली आणि २०१६ च्या सुरुवातीला ती व्यावसायिक झाली. त्याच वर्षीच्या रिओ ऑलिम्पिकमध्ये वडील तिचे कॅडी होते. पहिल्या दोन फेऱ्यांत ६८, ६८ अशी खेळून ती पहिल्या दहांत होती. पुढच्या दोन फेऱ्यांत ७९ आणि ७६ फटके लागले आणि ती संयुक्त ४१व्या स्थानी घसरली. नोव्हेंबरमध्ये मात्र तिने इंडियन ओपन जिंकली. लेडीज युरोपियन टूरवर जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली. त्यापाठोपाठ कतार ओपनही तिने जिंकली. २०१७ पासून ती अमेरिकेतील एलपीजीए टूरवर खेळू लागली. टोकियोत कॅडी म्हणून तिची बॅग सांभाळत होती तिची आई.

‘कार्ड’ आणि ‘कट’ म्हणजे काय?

गोल्फमध्ये क्रिकेटसारखा मंडळाचा करार नसतो. टूरवर खेळण्याचा हक्क म्हणजे कार्ड. ते पात्रता स्पर्धेतून मिळते आणि हंगामातील कामगिरीवर टिकते. कामगिरी घसरली की पुन्हा पात्रता स्पर्धेच्या रांगेत उभे राहावे लागते. चार फेऱ्यांच्या नेहमीच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर साधारण पहिले ६५ खेळाडू पुढे जातात, बाकीचे घरी. हाच कट. तो हुकला की बहुतेक स्पर्धांत बक्षिसाचा रुपयाही मिळत नाही. विमानाचे तिकीट, हॉटेल, कॅडीचे मानधन हा खर्च मात्र होऊन गेलेला असतो. शिवाय विजेतेपदाच्या रकमेतील साधारण १० टक्के वाटा कॅडीला देण्याची प्रथा आहे. म्हणूनच प्रायोजक नसलेल्या खेळाडूला प्रत्येक कट हा महिन्याच्या हिशेबाचा प्रश्न असतो.

क्रमवारीला इतके महत्त्व का?

महिलांच्या जागतिक क्रमवारीत मागील दोन वर्षांच्या स्पर्धांचे गुण धरले जातात. ताज्या निकालांना वजन जास्त, जुन्यांचे हळूहळू घटत जाते. त्यामुळे एखादा चांगला आठवडा कायमचा पुरत नाही. ऑलिम्पिकच्या ६० जागाही क्रमवारीवर आधारित यादीतूनच भरतात. पहिल्या १५ मधील खेळाडूंना एका देशातून कमाल चार, त्यापुढे कमाल दोन अशी मर्यादा असते. पुण्याच्या उदयन मानेला टोकियोचे दार ऐन वेळी उघडले, तेही अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यामुळे.

टोकियोनंतर काय झाले?

२०२३ हे वर्ष अदितीच्या कारकिर्दीचे दोन्ही रंग दाखवते. केनिया आणि स्पेनमधील स्पर्धा जिंकून तिने लेडीज युरोपियन टूरवरील विजेतेपदे पाचवर नेली. लॉस एंजेलिसमधील एलपीजीए स्पर्धेत ती तिघींच्या प्लेऑफपर्यंत पोहोचली, पण विजेतेपद ऑस्ट्रेलियाच्या हॅना ग्रीनकडे गेले. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिसऱ्या फेरीअखेर तिच्याकडे सात फटक्यांची आघाडी होती. अखेरच्या फेरीत ७७ फटके लागले आणि सुवर्ण थायलंडच्या अर्पिचाया युबोलने नेले. तरीही ते रौप्य आशियाई स्पर्धेत भारतीय महिलेने गोल्फमध्ये मिळवलेले पहिलेच पदक ठरले. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ती संयुक्त २९वी आली.

मग या कारकिर्दीचे मोजमाप कसे करायचे?

पदकांच्या तक्त्यात चौथ्या क्रमांकाला रकाना नसतो. पण दरवर्षी कार्ड राखणे, आठवड्यामागून आठवडा कट पार करणे आणि तीन ऑलिम्पिकसाठी पात्र ठरणे, हे एका फटक्याच्या फरकावर ठरत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे हजारो फटके बरे पडावे लागतात. टोकियोतील त्या चार दिवसांमागे हीच शिदोरी होती.