बॅटरी बदलल्यावर चारही चाकांचा जोर पूर्ववत् करणे

आचऱ्याच्या आसपासच्या आंबा-काजूच्या बागांच्या वाटा जांभ्या कातळावरून चढतात, व मृग लागताच त्यांवर लाल चिखल माजतो. अशा चढावर मागील चाकांचा जोर गेला तर माणूस व माल दोन्ही धोक्यांत येतात. सबब चारही चाकांस जोर देणारी मोटार बाळगणाऱ्या बागायतदारांनी पुढील माहिती ध्यानांत ठेवावी.

जुन्या जीपमध्ये हा जोर दांड्याने जोडीत. त्यास विजेची गरज नसे. परंतु २०१४ साली निघालेली चारही चाकांस जोर देणारी डस्टर किंवा २०२२ सालची ग्रँड विटारा यांसारख्या मोटारींत मागील आंसाची जोड विजेच्या आज्ञेने मिळते. ती आज्ञा देणारा संगणक चाकांचा वेग व स्टिअरिंगचा कोन पाहतो. बॅटरी काढतांच कित्येक मोटारींत स्टिअरिंगचा मध्यबिंदु विसरला जातो. मग संगणक संशयाने जोड सोडून देतो व समोर पिवळे दिवे लावतो. यंत्र मोडले असे मानून लागलीच मोठा खर्च करू नये.

उपाय सोपा आहे. मोटार सपाट जागी उभी करून इंजिन चालू करावे. स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून मध्यावर आणावे. टोकाशी फार वेळ दाबून धरू नये. नंतर मोटार थोडे अंतर सरळ हळू चालवावी, इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावे. बहुधा दिवे मालवतात. न मालवल्यास कारखान्यांतील तपासणी-यंत्र लावणे भाग आहे. प्रत्येक मोटारीची रीत निराळी असल्याने सोबतची पुस्तिका प्रमाण मानावी.

बॅटरी काढतांना ऋण टोक प्रथम सोडावे, बसवितांना शेवटी जोडावे. म्हणजे पान्ह्याने ठिणगी उडत नाही. आपल्या खाऱ्या हवेत टोकांवर गंज व क्षार लवकर चढतात. तारा सोडल्यावर ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडे करावेत, टोके घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे. स्वस्थ बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असावा. टोके सैल वा दाब कमी असल्यास दिवे पुन्हा लागतील.

चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत, नाहीतर संगणकास चाकांच्या वेगांत फरक दिसून तोच घोटाळा होतो. हे सर्व पावसाळ्यापूर्वी, घराच्या सपाट अंगणांत उरकून घ्यावे. चिखलाच्या चढावर ही परीक्षा घेऊ नये, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.