नेत्रविपथन-मापन

नेत्रविपथन-मापन : डोळ्यात शिरलेले प्रकाशकिरण जालपटलावर एका बिंदूत न मिळाल्याने उद्‌भवणारे दोष प्रकाशीय संवेदकाने मोजण्याची पद्धती. निकटदृष्टिता, दूरदृष्टिता व अबिंदुकता हे दोष चष्म्याने दूर होतात; गोलीय विपथनासारखे उच्च क्रमाचे दोष नेहमीच्या चष्म्याने जात नाहीत व अंधारात बाहुली विस्फारली की विशेष जाणवतात.

या पद्धतीचे मूळ ज्योतिषशास्त्रात आहे. दुर्बिणीचे भिंग तपासण्यासाठी योहानेस हार्टमान यांनी १९०० च्या सुमारास छिद्रे पाडलेला पडदा वापरला. १९७१ मध्ये रोलंड शॅक व बेन प्लॅट यांनी छिद्रांच्या जागी सूक्ष्मभिंगे योजली. योझेफ बिले व त्यांच्या हायडल्बर्ग येथील सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हा संवेदक मानवी डोळ्यास लावल्याचे प्रसिद्ध केले. पुण्याची आयुका व कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांनी मिळून उभारलेल्या रोबो-एओ प्रणालीत वातावरणाने बिघडवलेला ताऱ्यांचा प्रकाश सुधारण्यासाठी याच जातीचा संवेदक वापरला आहे.

जालपटलावर सामान्यतः अवरक्त प्रकाशाचा बारीक ठिपका पाडतात. तेथून परतणारे तरंगाग्र सूक्ष्मभिंगांतून जाऊन संवेदकावर ठिपक्यांचे जाळे उमटवते. डोळा निर्दोष असल्यास ठिपके समान अंतरावर पडतात. एखादा ठिपका जितका सरकेल तितका त्या जागी तरंगाग्राचा उतार अधिक. या उतारांवरून झेर्निके बहुपदींच्या साहाय्याने दोषांची प्रतवारी करतात.

सूक्ष्मभिंगांचे केंद्रांतर वाढविल्यास बारीक उतारही कळतो. परंतु स्वच्छमंडल शंक्वाकार झालेल्या डोळ्यात ठिपके शेजारच्या भिंगाच्या हद्दीत शिरतात आणि कोणता ठिपका कोणाचा, हेच गणकयंत्रास उमगत नाही. केंद्रांतर घटविल्यास सूक्ष्मता जाते. म्हणून ठिपक्यांचा मध्यापासून कडेपर्यंत क्रमाने माग काढणाऱ्या गणनपद्धती रूढ झाल्या. लेसरमुळे येणारा कणदारपणा टाळण्यास अल्पसुसंगत प्रकाशाचे डायोड वापरतात; स्वच्छमंडलावरील परावर्तन टाळण्यास किरणशलाका किंचित बाजूने सोडतात.

दोन अडचणी संवेदक सुधारूनही उरतात. अवरक्त प्रकाशात डोळा दृश्य प्रकाशापेक्षा सुमारे पाऊण ते एक डायॉप्टर अधिक दूरदृष्टी भासतो. ही वजावट यंत्र सरासरीने करते. दुसरी अडचण मुलांची. यंत्रात डोकावताना मूल जवळ पाहिल्याप्रमाणे नेत्रभिंग फुगविते व नसलेली निकटदृष्टिता नोंदली जाते. बिलोलीसारख्या तालुक्यातील शाळांत हातात मावणारी यंत्रे सोयीची ठरतील. परंतु त्यांचा आकडा तसाच चष्म्याच्या चिठ्ठीवर उतरविणे योग्य नव्हे. समायोजन शिथिल करणारे थेंब घालून रेटिनोस्कोपने केलेली तपासणी मुलांच्या बाबतीत अद्यापि अधिक विश्वसनीय आहे.