संगणकाच्या दारावरचा पास

आमच्या आदिलाबादेत पांढरकवडा-किनवट भागातून उपचारासाठी येणारी मुले पुष्कळ. त्यांच्या जुन्या नोंदी दुसऱ्या राज्यातील रुग्णालयात, आणि आईच्या पिशवीत घडी पडून अर्धवट पुसलेले डिस्चार्ज कार्ड. अशा नोंदी रुग्णाच्या संमतीने संगणकामार्फत मिळाव्यात, हा आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा एक हेतू आहे. ते २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि त्याचा १४ अंकी आभा क्रमांक आता आपल्या परिचयाचा आहे. मात्र नोंदी इकडून तिकडे जाताना दारावर तपासणी कशी होते, याकडे आपण डॉक्टर मंडळी सहसा लक्ष देत नाही.

मीही देत नव्हतो. सोय म्हणून मी दवाखान्यातील सॉफ्टवेअरचा माझा पासवर्ड स्वागतकक्षात आणि औषधाच्या खिडकीवर सांगून ठेवला होता. एक कर्मचारी नोकरी सोडून गेला. दोन महिन्यांनी कळले, की माझ्या बालरुग्णांच्या नोंदी त्याच्या मोबाइलवर अद्याप उघडतात. त्याने गैरवापर केला नाही, हा त्याचा सज्जनपणा. माझी व्यवस्था शून्य होती. या विषयाचा माझा अभ्यास तेथून सुरू झाला.

दोन सॉफ्टवेअरांनी एकमेकांकडे माहिती मागण्याची जी ठरलेली खिडकी असते, तिला एपीआय म्हणतात. या खिडकीमागील संगणकाला मागची भेट आठवत नसते. प्रत्येक विनंती त्याला नवीच. प्रसूतिकक्षात पाळी बदलली, की नव्या सिस्टरला बाळ ओळखू येत नाही. ती आईची सारी हकीकत पुन्हा विचारत बसत नाही, बाळाच्या मनगटावरची पट्टी पाहते. ॲक्सेस टोकन म्हणजे अशीच पट्टी. पासवर्ड आरंभी एकदाच द्यायचा. तो पडताळून सर्व्हर टोकन देतो आणि पुढील प्रत्येक विनंतीसोबत सॉफ्टवेअर तेच दाखवते.

टोकनात सामान्यतः धारक कोण, कशापुरती मुभा आणि मुदत केव्हापर्यंत, हे असते. जेडब्ल्यूटी नावाच्या प्रचलित प्रकारात यावर सर्व्हरची अंकीय सही असते. एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. येथे एक गैरसमज होतो. सही म्हणजे कुलूप नव्हे. असे टोकन हाती पडले, तर त्यातील मजकूर सहसा कोणालाही वाचता येतो. म्हणून रुग्णाचे निदान टोकनात लिहिणे म्हणजे ते पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला लिहिण्यासारखे आहे.

टोकन ओळखता आले नाही किंवा त्याची मुदत संपली, तर सर्व्हर ४०१ हा आकडा परत पाठवतो. ओळख पटली पण त्या कामाची मुभा नसेल, तर ४०३. आमच्याकडे हे आकडे दिसले, की ‘नेट गेले’ म्हणून संगणक बंद-चालू करण्याची प्रथा होती!

बहुतेक टोकने धारक धनादेशासारखी असतात. ज्याच्या हाती, त्याची चालते. म्हणूनच त्यांची मुदत अल्प ठेवतात. ती संपल्यावर नवे टोकन मिळवण्यासाठी रिफ्रेश टोकन वेगळे असते आणि ते अधिक जपून ठेवावे लागते. बाहेरच्या प्रयोगशाळेला आपल्या नोंदीत रक्ताचा अहवाल भरायचा असेल, तर तिला आपला पासवर्ड देण्याचे कारण नाही. तेवढ्याच कामाचे टोकन देता येते. ऑथ २.० ही पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली, ती याचसाठी.

डिजिटल मिशनमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. दवाखान्याचे सॉफ्टवेअर स्वतःची ओळख पटवून टोकन घेते. पण तेवढ्याने नोंद मिळत नाही. कोणत्या कारणासाठी, कोणत्या काळातील, कोणत्या प्रकारच्या नोंदी आणि केव्हापर्यंत, याची रुग्णाची संमती निराळी लागते, आणि ती मागे घेता येते. तान्ह्या बाळाच्या वतीने ती पालकांनी द्यायची. मोबाइल हाती देऊन ‘ओटीपी सांगा’ एवढेच म्हणणारा कर्मचारी ही संमती घेत नसतो. आई मराठी बोलणारी असो, तेलुगू वा गोंडी, आपण काय पाहणार आहोत हे तिला तिच्या भाषेत सांगितलेच पाहिजे.

आता आमच्याकडे प्रत्येकाचे खाते वेगळे आहे. औषधाच्या खिडकीवर मुलाचे वय, वजन आणि औषधयोजना दिसते. कुटुंबाचा इतिहास दिसत नाही. गेल्या वर्षी आणखी एक मुलगा नोकरी सोडून गेला. निरोपाच्या दिवशी त्याच्यासमोरच खाते बंद केले. मात्र आधी दिलेले टोकन मुदत संपेपर्यंत चालू राहू शकते, आणि आमची मुदत पंधरा मिनिटांची. त्याला चहा पाजेपर्यंत तीही संपली.