आठ दिवसांचा हुरडा

पौषातली सकाळ. आळेफाट्याहून नगरच्या दिशेने निघालो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. बेल्हे मागे पडलं, गुळुंचवाडी गेली आणि आणे घाटाची वळणं सुरू झाली. घाट चढून पठारावर आलो आणि गाडीचं दार उघडताच वाऱ्याने कानांच्या पाळ्या बधिर केल्या. मामा बांधावर उभे होते. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी, हातात विळा. मित्राचे मामा, म्हणून आम्हा सगळ्यांचेच मामा. म्हणाले, "बरं झालं आज आलात. आणखी आठ दिवसांनी आला असता तर भाकरीच खावी लागली असती."

या एका वाक्यात हुरड्याचं सगळं गणित आहे. ज्वारीचं पीक चार महिने शेतात उभं असतं, पण हुरडा होतो तो त्यातल्या जेमतेम आठ-दहा दिवसांत. आधी गेलात तर दाण्यात नुसतं दूध. उशिरा गेलात तर दाणा टणक.

जुन्नर तालुका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला की दोन वेगळे मुलूख पाहिल्यासारखं वाटतं. पश्चिमेला नाणेघाट, घाटघर. तिथे पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि खाचरांत भात, उतारांवर नाचणी-वरई पिकते. मध्ये कुकडी प्रकल्पाचं पाणी. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगावातलं डिंभे या पाच धरणांनी इथलं चित्र बदलून टाकलं. डिंभ्याच्या पाण्याखाली तर जुनं आंबेगावच गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. या पाण्यावर नारायणगावचा टोमॅटो झाला, द्राक्षबागा झाल्या, ऊस आणि कांदा झाला. पूर्वेचं आणे पठार मात्र पर्जन्यछायेत. कालव्याचं पाणी इथवर चढलं नाही, म्हणून ज्वारी-बाजरी टिकून आहे. आंबेगावच्या पूर्व भागात, लोणी-धामणीकडेही थोडीफार हीच गोष्ट. हस्ताच्या पावसावर पेरायचं आणि पुढे जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर पीक काढायचं.

मामा आम्हाला सरळ रानात घेऊन गेले. धाटं डोक्याच्या वर गेलेली, पानांवर दव. दहा पावलांत बाह्या आणि गुडघे भिजले. बाहेरून सगळी कणसं सारखीच दिसत होती. मामांनी एक कणीस वाकवलं, मधला एक दाणा काढला आणि त्याला नख लावलं. पांढरं दूध आलं. "हे अजून चार दिवस." पुढच्या कणसाच्या दाण्यात नख रुतलंच नाही. "हे गेलं." तिसऱ्या कणसाच्या दाण्यात नख अलगद शिरलं आणि मळलेल्या पिठासारखा मऊ गर बाहेर आला. "हे आपलं." मग विळ्याने ते कापलं, पण खाली वीतभर धाट ठेवून. पुढे निखाऱ्यात धरायला तीच मूठ. एकाच सरीत तीन वयांची कणसं असतात आणि त्यांतलं नेमकं निवडायचं असतं, हे मला इतकी वर्षं हुरडा खाऊनही माहीत नव्हतं.

मामांनी शेताच्या एका कडेला पाच-सहा ओळी हुरड्यासाठी वेगळ्या पेरल्या होत्या. ही गुळभेंडी. हिचा दाणा चोळला की बोंडातून सहज सुटतो आणि चवीला गोड. बाकीचं रान मालदांडीचं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडून काढलेली ही ज्वारी भाकरीसाठी नावाजलेली. तिचाही हुरडा होतो, पण हात जास्त चोळावे लागतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा, फुले मधुर ही खास हुरड्याची वाणं दिली आहेत. मामा मात्र वडिलांपासून चालत आलेलं गुळभेंडीचंच बियाणं दरवर्षी राखतात.

तोवर मामींनी बांधाच्या आडोशाला आगटी लावली होती. हातभर लांब, वीतभर खोल खड्डा. तळाशी तुराट्या, वर उभ्या रचलेल्या गोवऱ्या. आम्ही कणसं घेऊन आलो तेव्हा धूर निघत होता, आणि शहरातल्या घाईने मी लगेच कणीस पुढे केलं. मामींनी हात धरला. "थांबा दादा. धुरात घातलं तर धुराचंच लागेल." दहा-पंधरा मिनिटं आम्ही नुसते हात शेकत बसलो. हळूहळू धूर संपला, गोवऱ्या आतून लाल झाल्या, वर राखेचा पातळ थर धरला. मग मामींनी एकेक कणीस राखेत तिरकं खुपसलं. लाकडाचा विस्तव इथे चालत नाही. त्याची ज्वाळा वरून करपवते आणि आतला दाणा कच्चाच राहतो. गोवरीची धग मंद असते आणि सगळीकडून सारखी लागते.

मामी धाटाची मूठ धरून कणीस फिरवत होत्या आणि कान आगटीकडे होता. एखादा दाणा तडतडला की त्यांचा हात थांबायचा. दोन-तीन दाणे लागोपाठ तडतडले की कणीस बाहेर. पोपटी दाणे आता जरा काळपट हिरवे झालेले, आणि गरम दूध आणि भाजलेलं धान्य यांच्या मधला कुठला तरी वास. एवढ्यात सगळं होतं. पाव मिनिट उशीर झाला तर दाण्याच्या लाह्या होतात किंवा तो चिवट होतो.

पुढचं काम चोळण्याचं, आणि ते मामांचं. गरम कणीस गोणपाटाच्या तुकड्यात धरून ते दोन्ही तळव्यांनी दाबून फिरवायचे. दाणे खालच्या सुपात. मग सूप दोनदा झटकलं, वर एक लांब फुंकर, फोलपटं उडून गेली आणि सुपात फक्त हिरवे, वाफाळते दाणे उरले. मी गोणपाट बाजूला ठेवून नुसत्या हातांनी चोळून पाहिलं. पहिल्याच कणसाला तळवे लाल झाले. मामांचा तळवा मी हातात घेऊन पाहिला. बोटांच्या मुळाशी घट्टे, कातडी पायताणाच्या चामड्यासारखी. हे काम ते लहानपणापासून करत आले आहेत.

सुपातला हुरडा ओंजळीत आला. सोबत लसणाची चटणी, कारळ्याची चटणी, गुळाचा खडा, बांधावरच्या बोरीची बोरं आणि तांब्यात ताक. हुरडा गरमच खायचा. गार झाला की गोडी उतरते आणि दाणा कडक होतो. म्हणून आगटीभोवती सगळे एकाच वेळी जेवत नाहीत. एकजण भाजतो, एकजण चोळतो, बाकीचे खातात, मग जागा बदलतात. मीही भाजायला बसलो. माझी पहिली चार कणसं करपली. पाचव्याला मामी म्हणाल्या, "आता कान बसला बघा." त्या दिवसात मला याहून मोठी शाबासकी नको होती.

पोट भरल्यावर बोलणं निघालं. मामा म्हणाले, "ज्वारी परवडत नाही असं लोक म्हणतात. परवडण्याच्या आधी ती राखवत नाही." समोरच्या रानाकडे त्यांनी बोट दाखवलं. तिथे पूर्वी सगळी ज्वारीच होती. सगळ्या शिवारात ज्वारी असली की पाखरं विखुरली जायची, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी यायची. प्रत्येक रानात माळा असायचा, पोरं गोफण घेऊन त्यावर उभी. आता शेजारपाजारच्यांनी ज्वारी सोडली. उरलेल्या एकदोन रानांवर सगळ्या शिवाराची पाखरं उतरतात. त्यात ज्वारीची काढणी. कडबा लांब मिळावा म्हणून रब्बीची ज्वारी मुळासकट उपटतात. त्याला कंबर मोडते आणि मजूर मिळत नाही. म्हणजे एकाने ज्वारी सोडली की दुसऱ्याला ती करणं अवघड होतं.

हे ऐकताना मला वाटलं, हुरडा एकट्याने खायची गोष्ट नाही हे आपल्याला ठाऊक असतं, पण तो एकट्याने पिकवायचीही गोष्ट नाही. या पठाराला हे वेगळं सांगायला नको. आण्यात हिवाळ्यात रंगदास स्वामींच्या यात्रेला घराघरातून भाकरी येतात, मोठाल्या कढयांत आमटी शिजते आणि सगळा परिसर एका पंगतीत बसतो. संक्रांतीला सुगडात आपण बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या घालतो. ते सुगड म्हणजे त्या दिवशी शिवारात जे जे उभं असतं त्याची एक मूठ. शिवारातून एक पीक गेलं की त्या मुठीतून एक गोष्ट कमी होते.

2018 साली सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट पाहायला येणारी माणसं आता हिवाळ्यात हुरड्यालाही येतात. मला हे चांगलं वाटतं. हुरड्याच्या कणसांचे पैसे शेतकऱ्याला धान्यापेक्षा लवकर आणि बरे मिळतात, आणि ज्वारी पेरायला एक कारण मिळतं. मात्र जिथे हुरडा बाहेरून विकत आणून ताटात वाढला जातो आणि शेजारच्या रानात ज्वारीचं एक धाटही नसतं, तिथे आपण खातो ते फक्त भाजलेलं धान्य. नख लावून कणीस निवडणं, धूर संपेपर्यंत थांबणं, तडतड ऐकणं, हात भाजणं यांतलं काही तिथे नसतं.

उन्हं कलायला लागली तशी मामांनी आम्हाला उठवलं. या तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे. हल्ली आगटी सकाळी लावतात आणि अंधाराआधी माणसं घरात येतात. मामांनी राखेवर पाणी ओतलं, वर माती लोटली, पायाने दाबून पाहिली. वाळलेल्या ज्वारीच्या रानात एक ठिणगी पुरते.

आता वाचणाऱ्यांना एक सांगणं. या हिवाळ्यात हुरड्याला जाणार असाल तर जो स्वतः ज्वारी पेरतो त्याच्याच रानात जा. आधी फोन करून विचारा, कणीस कधी हुरड्यात येतंय, आणि त्याने सांगितलेल्या दिवशी जा, तुमच्या सुट्टीच्या दिवशी नव्हे. मुलांना सोबत न्या आणि त्यांच्या हातात विळा नाही, पण एक कणीस द्या. निघताना दोन पायली ज्वारी विकत घ्या. आणि शेतकरी असाल तर शेजाऱ्याशी बोलून दोघांनी मिळून थोडी ज्वारी पेरा. पाखरं वाटली जातील, राखण वाटली जाईल, आणि पुढच्या पौषातही बांधाच्या आडोशाला आगटी पेटेल.