रेंजवरचे पिस्तूल आणि उशाजवळचे पिस्तूल

पिस्तूल म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक, पोलिसाच्या कमरेचे हत्यार. दुसरी, कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात मिळवलेले सुवर्णपदक. घरासाठी पंखा किंवा मिक्सर निवडावा तसे पिस्तूल निवडायचे असते, हा विचार आपल्या कायद्यात बसत नाही आणि मनातही बसत नाही. परवाना मिळणे कठीण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर जास्तीत जास्त दोन हत्यारे. जगभरच्या लष्कर-पोलिसांचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल तर आपल्या सामान्य नागरिकासाठी ‘प्रतिबंधित बोअर’च.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. परवानाधारक दुकानदाराकडून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण लागते. ग्राहक एक सरकारी अर्ज भरतो, त्याची पूर्वपीठिका संगणकावर तपासली जाते, आणि अनेक राज्यांत तो त्याच दिवशी पिस्तूल घेऊन घरी येतो. ग्रीन कार्डधारकालाही हा हक्क आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला मात्र शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडता नाही. म्हणजे तिकडे कायमच्या स्थायिक झालेल्या मराठी घरापुढेही हा प्रश्न केव्हाही उभा राहू शकतो: घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते?

दुकानात यावर एक ठरलेले उत्तर मिळते. ‘फुल-साइज घ्या. रविवारी रेंजवर नेमबाजी होईल, रात्री घराचे रक्षण होईल. एका पैशात दोन कामे.’ या उत्तरातला पहिला अर्धा भाग भौतिकशास्त्राला धरून आहे. दुसरा अर्धा किती खरा, हे तपासण्यासाठी हा लेख.

फुल-साइज म्हणजे काय

कपड्यांखाली लपवायचे नाही, उघड्या म्यानात बाळगायचे, या हिशेबाने सैनिकासाठी किंवा पोलिसासाठी घडवलेले पिस्तूल म्हणजे फुल-साइज. त्याचा जुना नमुना जॉन ब्राउनिंगचे एम १९११. अमेरिकन लष्कराने ते १९११ मध्ये स्वीकारले आणि १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून वापरले. नळी १२७ मिलिमीटर, वजन रिकामे असताना सुमारे १ किलो १०० ग्रॅम, गोळी पॉइंट फोर्टी-फाइव्हची, मॅगझिनमध्ये काडतुसे ७. १९८५ मध्ये त्याची जागा इटलीच्या बेरेट्टाने घेतली: ९ मिलिमीटरची गोळी आणि १५ काडतुसे. त्याआधीच, १९८२ मध्ये, ऑस्ट्रियाच्या लष्कराने गास्टन ग्लॉक यांचे पिस्तूल निवडले होते. आज दुकानात सर्वांत सहज दिसणारे ग्लॉक १७ ते हेच. सांगाडा प्लास्टिकचा, नळी ११४ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये १७ काडतुसे, रिकाम्या मॅगझिनसह वजन सुमारे ७०० ग्रॅम. २०१७ मध्ये अमेरिकन लष्कराने बेरेट्टाही बाजूला ठेवून सिग सावरचे पी ३२० घेतले.

खिशात किंवा कमरेला लपवण्याची छोटी पिस्तुले याच्या उलट टोकाला. वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, मूठ इतकी आखूड की करंगळी अधांतरी राहते, आणि काडतुसे कमी.

रेंजवर मोठे का बरे

याचे पहिले कारण झटका. ९ मिलिमीटरची साधारण ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. ती पुढे जाते तेव्हा पिस्तूल तेवढ्याच संवेगाने मागे येते. दारूच्या वायूचा हिशेब बाजूला ठेवून गणित केले, तर ५०० ग्रॅमच्या पिस्तुलात झटक्याची ऊर्जा सुमारे ८ ज्यूल येते आणि १ किलोच्या पिस्तुलात सुमारे ४. वजन दुप्पट केले की झटका निम्मा. शंभर गोळ्या झाडल्यावर मनगटाला हा फरक कळतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की झटक्याची धास्ती बसलेला नवशिका गोळी सुटण्याच्या क्षणाआधीच हात आक्रसतो, आणि नेम चुकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते.

दुसरे कारण नेमाची भूमिती. मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणून नेम धरला जातो. या दोहोंतले अंतर ग्लॉक १७ मध्ये १६५ मिलिमीटर आहे. छोट्या पिस्तुलात ते १३० च्या आसपास असते. माशी १ मिलिमीटर बाजूला राहिली, तर २५ मीटरवर मोठ्या पिस्तुलाची गोळी सुमारे १५ सेंटिमीटर चुकते आणि छोट्याची सुमारे १९. लक्ष्यफलकावर या चार सेंटिमीटरांत बरेच गुण असतात.

तिसरे कारण मूठ. सगळी बोटे बसली की पकड स्थिर राहते आणि चाप ओढताना नळी हलत नाही. ग्लॉकचा चाप ओढायला अडीच किलोच्या आसपास जोर लागतो. ऑलिंपिकच्या २५ मीटर पिस्तुलाला किमान १ किलो आणि १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम एवढाच चाप-भार पुरतो. राहीच्या हातातले पॉइंट टू-टूचे पिस्तूल आणि सैनिकी पिस्तूल ही मुळात दोन वेगळी यंत्रे आहेत. पहिले फक्त अचूकतेसाठी, तर दुसरे धुळीत पडले तरी चालावे आणि धावपळीत आपोआप सुटू नये यासाठी.

गोळी कोणती, यावर अमेरिकेत कीर्तन संपत नाही. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली, असे निष्पन्न झाले. मग गोळी मोठी हवी म्हणून १९९० मध्ये पॉइंट फॉर्टीचे नवे काडतूस बाजारात आले आणि पोलिसखात्यांनी ते उचलले. पंचवीसेक वर्षांनी एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरवर आली. मधल्या काळात गोळ्यांची रचना सुधारली होती, आणि कमी झटक्यामुळे लोक अधिक जलद व अधिक नेमका मारा करतात, हेही दिसले होते. नवशिक्यासाठी धडा साधा आहे: जिचा सराव परवडतो ती गोळी चांगली. ९ मिलिमीटर त्यात स्वस्त पडते.

सरावाला आणखी दोन गोष्टी लागतात. गोळीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. १४० च्या वर क्षणिक आवाजानेही कान कायमचे बिघडू शकतात. शिवाय बंदिस्त रेंजवर शिशाची धूळ असते. म्हणून कानांना संरक्षण हवे, आणि घरी येऊन मुलाला उचलण्याआधी हात धुवायला हवेत.

घरात आल्यावर

आता तेच पिस्तूल घरात आणू. पहिली गोष्ट अंतराची. घरातला प्रसंग पाच-सात मीटरांत घडतो. सात मीटरवर तीच १ मिलिमीटरची चूक मोठ्या पिस्तुलात सुमारे ४ सेंटिमीटर होते आणि छोट्यात सुमारे साडेपाच. रेंजवर जे चार सेंटिमीटरांचे श्रेष्ठत्व होते, ते इथे जेमतेम एका सेंटिमीटरावर येते. कमी झटका आणि भरगच्च मूठ यांचा फायदा राहतो, पण नळीच्या लांबीचा जवळजवळ उरत नाही.

दुसरी गोष्ट माणसाची. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा रँड संस्थेने २००८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. १९९८ ते २००६ या काळात समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरांपैकी सरासरी १८ गोळ्याच लागल्या. ही सेवेची पिस्तुले बाळगणारी, नियमित सराव असलेली माणसे. त्यांच्या पिस्तुलांचे चाप मुद्दाम फार जड ठेवलेले होते, हेही खरे. तरीही कागदी लक्ष्यावर नव्वद गुण मिळवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. धडधडत्या छातीने, अंधारात, झोपेतून उठून कोणी रेंजवर सराव करत नाही.

मग न लागलेल्या गोळ्या जातात कुठे? आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे विटांची भिंत असते. अमेरिकन घरातल्या आतल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या पत्र्यांच्या असतात. एकेक पत्रा साधारण १३ मिलिमीटरचा. ९ मिलिमीटरची गोळी अशा अनेक भिंती ओलांडते. शरीरात शिरल्यावर फुलणारी, टोकाला पोकळी असलेली गोळी वापरावी, असा सल्ला म्हणूनच दिला जातो. अशा गोळ्यांना इंग्रजीत ‘डमडम’ म्हणत. ते नाव कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारावरून पडले, आणि युद्धात त्यांना १८९९ च्या हेग घोषणेने बंदी घातली. पण जिप्समने पोकळी बुजली की हीही गोळी न फुलता पुढे जाऊ शकते. पलीकडच्या खोलीत कोण झोपते, हा प्रश्न म्हणूनच गोळीच्या निवडीहून आधीचा.

कायद्याचा तर्क आणि आकड्यांचा

घरात पिस्तूलच का, रायफल का नाही, याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच देऊन ठेवले आहे. २००८ च्या हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी राजधानी वॉशिंग्टनमधली पिस्तूलबंदी रद्द झाली. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी पिस्तुलाची बाजू मांडताना दिलेली कारणे फार घरगुती आहेत: ते चटकन हाताशी येईल अशा जागी ठेवता येते, हल्लेखोराला हिसकावणे अवघड जाते, अंगात जोर कमी असलेल्यालाही उचलता येते, आणि एका हाताने ते चोरावर रोखून दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावता येतो.

पोलीस यायला अर्धा तास लागेल अशा आडगावात एकट्या राहणाऱ्या बाईला हा युक्तिवाद पटावा यात नवल नाही. पण त्यातले पहिलेच कारण पुन्हा वाचावे. जे घरमालकाच्या चटकन हाताशी येते, ते घरातल्या इतरांच्याही येते, आणि घरमालकाच्या स्वतःच्या वाईट रात्रीही येते.

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांचा बारा वर्षांचा मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पिस्तूल घेतलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण न घेतलेल्यांच्या सुमारे आठ पट होते, स्त्रियांत सुमारे पस्तीस पट. काहींनी त्याच हेतूने पिस्तूल घेतले असणार, ही शंका रास्त आहे, आणि खरेदीनंतर लगेच धोका सर्वाधिक होताही. पण बंदुकीने झालेल्या या आत्महत्यांतल्या निम्म्याहून अधिक खरेदीला वर्ष उलटल्यावर झाल्या. इतर मार्गांनी आत्महत्येचे प्रमाण या लोकांत जास्त नव्हते. निराशेची लाट अनेकदा काही तासांत ओसरते. पण बंदुकीचा प्रयत्न दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा प्राण घेतो, त्यामुळे ओसरण्याला वेळच मिळत नाही.

२०२२ मध्ये त्याच गटाचा दुसरा अभ्यास आला. स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या, पण पिस्तूलधारकाबरोबर राहणाऱ्या माणसांचा खून होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण सुमारे सात पट, आणि अशा बळींत बहुसंख्य स्त्रिया. अनोळखी माणसाकडून मारले जाण्याचा धोका पिस्तुलामुळे घटल्याचे काही आढळले नाही. ज्यांच्या रक्षणासाठी घेतले त्यांच्यासाठीच हा हिशेब उलटा बसतो. पिस्तुलाची लांबी, वजन, गोळी यांतले काहीही त्यात फरक पाडत नाही.

मग निवडायचे काय

यावरून पिस्तूल घेऊच नये असा हुकूम कोणी इथे बसून सोडू नये. तिकडच्या आडगावातली रात्र आपण पाहिलेली नाही. पण प्रश्नांचा क्रम बदलता येतो. पहिला प्रश्न, घरात कोण कोण आहे: लहान मूल, वयात आलेला मुलगा, औषधोपचार चालू असलेले कोणी, दारूवरून भांडणे? यांतले एक उत्तर जरी ‘हो’ असेल, तरी पुढचे प्रश्न विचारू नयेत. दुसरा प्रश्न, कुठे ठेवणार? मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात कुलूपबंद ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे; जिथे नाही तिथेही उशाखाली आणि कपाटातल्या साड्यांखाली ही ठेवण्याची जागा नव्हे. भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने पक्की केलेली, बोटांच्या खुणेने उघडणारी पोलादी पेटी पिस्तुलाबरोबरच विकत घ्यावी. तिसरा, सराव किती? वर्षातून एकदा रेंजवर जाणाऱ्याने घरात भरलेले हत्यार ठेवण्यात धोका जास्त आणि उपयोग कमी.

चौथा प्रश्न, जेफ कूपर यांचे चार नियम घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तोंडपाठ आहेत का: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचे नाही त्याच्या दिशेने नळी नेऊ नका, नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवू नका, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा.

या चौघांची उत्तरे समाधानकारक आली, तर पाचव्या प्रश्नाला दुकानदाराचेच उत्तर योग्य आहे: फुल-साइज, ९ मिलिमीटर, आणि आपल्या हाताला मूठ नीट बसेल ते, अनेक रेंजवर भाड्याने पिस्तूल मिळते, तिथे दोन-तीन झाडून पाहून. नातेवाइकाचा ‘कोणते घेऊ?’ असा फोन आलाच, तर संभाषण या शेवटच्या वाक्यापासून सुरू करू नये. आधी विचारावे, घरात कोण कोण असते?