पोटातल्या बाळाची हाक

पोटातले बाळ रडू शकत नाही. मग त्याला त्रास होतोय हे कळायचे कसे? त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवरून. हे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० पडतात.

कळ आली की गर्भाशय आवळते. वारेला मिळणारे आईचे रक्त तेवढ्यापुरते कमी होते. कळ ओसरली की पुन्हा पुरेसे मिळते. धडधाकट बाळ हे सोसते. पण एखादे गुदमरते. त्याचे ठोके मंदावतात. तेव्हा थोडा उशीरही जिवावर बेततो. जगात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळे मृत जन्मतात. त्यांतली शंभरात चाळीसहून जास्त कळा सुरू झाल्यावर दगावतात.

नर्सबाई पोटाला नळी लावून ठोके मोजतात. कळा वाढल्या की दर १५ ते ३० मिनिटांनी मोजावे, असा नियम आहे. पण अडलेल्या बाया दहा आणि नर्सबाई एक, असे असले तर? मधल्या वेळी कोण बघणार?

आफ्रिकेत मालावी नावाचा गरीब देश आहे. त्याची राजधानी लिलाँग्वे. तिथल्या ‘एरिया २५’ आरोग्य केंद्राने यावर एक यंत्र आणले. बाईच्या पोटावर पट्ट्याने दोन चकत्या बांधतात. एक ठोके टिपते, दुसरी कळा. ही टिपणे संगणक वाचतो. आधीच्या पुष्कळ बाळंतपणांच्या नोंदी दाखवून त्याला शिकवलेले असते. यालाच कृत्रिम बुद्धी म्हणतात. ठोके बिघडले की तो लगेच इशारा देतो. तिथे मृत जन्मणाऱ्या आणि जन्मल्यावर लवकरच दगावणाऱ्या बाळांची संख्या तीन वर्षांत ८२ टक्क्यांनी घटली, असे २०२४ साली सांगण्यात आले. म्हणजे आधी शंभर दगावत असतील, तर आता अठरा.

आम्हांला कोणी विचारील, ‘गुरुजी, यंत्र आहे तर नर्सबाई कशाला?’ अहो, यंत्र नुसती हाक मारते. आईला कुशीवर वळवणारे, सलाइन लावणारे, वेळ पडली तर ऑपरेशन करून बाळ काढणारे हात माणसांचेच. वीज गेली की यंत्र मुके होते. नर्सबाईंची नळी तेव्हाही कामाला येते.

आणि बाई घरीच राहिली, तर हाक ऐकणार कोण? म्हणून मंडळी, दवाखान्यात जायची गाडी आधीच ठरवून ठेवा. पोटात बाळाची हालचाल कमी वाटली, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. लगेच निघा.