आधी अर्थिंग, मग फायरवॉल

भोर किंवा वेल्ह्यातल्या एखाद्या पतसंस्थेत, बँकेच्या शाखेत किंवा कॉलेजात फायरवॉल बसवायला गेले की खोकं उघडायच्या आधी मी भिंतीतला सॉकेट तपासते. मल्टिमीटरचा एक प्रोब न्यूट्रलला, दुसरा अर्थला. आकडा दोन व्होल्टच्या आत असला तर काम सुरू. पाचाच्या वर गेला तर खोकं तसंच बंद ठेवायचं आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. साहेबांना घाई असते, चेअरमन फोनवर असतात, तरीही मी या एका गोष्टीत मागे हटत नाही. लाखभर रुपयांचं यंत्र वाईट अर्थिंगवर चालू करणं म्हणजे पहिल्या पावसाळ्याची वाट बघत बसणं.

फायरवॉल म्हटलं की लोकांना सॉफ्टवेअर आठवतं, अँटिव्हायरससारखं काहीतरी. आम्ही बसवतो ते मात्र पत्र्याच्या चपट्या पेटीतलं, एकाच कामासाठी बांधलेलं संगणक यंत्र असतं. त्याला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि पंखे असतात, आणि पुढच्या बाजूला नेटवर्कचे पोर्ट. बाहेरून येणारी इंटरनेटची तार आणि ऑफिसातल्या सगळ्या तारा यांच्या मधोमध ते बसतं. आत येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट त्याच्यातून जातं. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं हे ते ठरवतं आणि त्याची नोंद ठेवतं. ते बंद पडलं तर काउंटरवरचं सगळं काम थांबतं, आणि कुणीतरी कंटाळून ते बाजूला काढून तार सरळ जोडतो. माझ्या मते खरा धोका तिथे सुरू होतो. म्हणून हे यंत्र बंदच पडू नये अशी जागा तयार करणं हाही सुरक्षेचाच भाग आहे.

एवढं कशाला, असं अजूनही विचारलं जातं. मी पुण्यातलंच उदाहरण देते. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचच्या जागी चोरांनी आपला खोटा स्विच उभा केला, आणि देशोदेशींच्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांवर पैसे निघत राहिले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. पतसंस्था सहकार खात्याकडे येतात, त्यांना ती थेट लागू नाही. पण शेतकऱ्याची ठेव दोन्हीकडे सारखीच असते.

आता जमिनीकडे येते, कारण आमच्याकडची खरी अडचण तिथेच आहे. हिरडस मावळ असो, वेळवंड खोरं असो की तिकडे कानद खोरं, बऱ्याच ठिकाणी थोडी माती उकरली की काळा कातळ लागतो. अर्थिंगचा खड्डा खणायचा, त्यात पट्टी किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ, हा रिवाज ठीक आहे. पण कातळात ओल टिकत नाही. मे महिन्यात खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थचा रेझिस्टन्स वाढतो. वेल्ह्याच्या बाजूच्या एका संस्थेत रॅकला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. शोधत गेले तर यूपीएसची तीन पिनांची टॉप सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कुणीतरी तिची अर्थची पिनच कापून टाकलेली. तिथले शिपाईमामा मात्र फार लक्ष घालणारे निघाले. टॉप बदलली, खड्ड्याची नीट दुरुस्ती झाली, तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, म्या रोज सकाळी खड्ड्यात बादलीभर पानी घालू का?" मी म्हटलं, "घाला मामा, उन्हाळ्यात तर नक्की घाला." त्यांनी ते मनापासून पाळलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात मल्टिमीटरचा आकडा बघून मला फार बरं वाटलं.

वळवाचा पाऊस ही दुसरी गोष्ट. जिथे फायबर पोचलेली नाही तिथे गच्चीवर पाइप उभा करून रेडिओ लावतात आणि समोरच्या टॉवरशी थेट नजरेची जोडणी करतात. डोंगराची सोंड मध्ये आली नाही तर हे चांगलं चालतं. पण त्या रेडिओपासून खाली रॅकपर्यंत तांब्याची केबल येते, आणि वीज जवळपास कुठेही कोसळली तरी तिच्यातून झटका उतरतो. केबलवर सर्ज अरेस्टर लावायचा, त्याला स्वतंत्र अर्थ द्यायचा, हे तर करतोच. पण माझा आग्रह त्यापुढचा असतो: रेडिओची तांब्याची केबल जिन्याखालच्या छोट्या पेटीत संपवायची, तिथे मीडिया कन्व्हर्टर ठेवायचा आणि तिथून फायरवॉलपर्यंतचे शेवटचे काही मीटर फायबरने जायचं. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. झटका आलाच तर स्वस्तातला कन्व्हर्टर जातो, फायरवॉल वाचते. या अंतरासाठी फायबरचा खर्च फार नाही, आणि तो वाचवू नये.

पावसाळ्यात वरंध घाटाच्या पायथ्याला किंवा केळद-मढे घाटाकडे भिंतींना पाझर फुटतो. यंत्राच्या माहितीपत्रकात आर्द्रतेची मर्यादा बरीच मोठी लिहिलेली असते, पण सोबत एक अट असते: पाणी धरता कामा नये. एसीच्या गाडीतून आलेलं थंडगार यंत्र दमट खोलीत लगेच उघडलं की आतल्या पट्ट्यांवर दव धरतं. म्हणून खोकं तसंच बंद ठेवून काही तास खोलीत राहू द्यायचं, मग उघडायचं. रॅकच्या तळाला आणि छताला केबल जिथून आत येते ती भोकं बुजवायची, नाहीतर पाल आणि उंदीर आत येतात. पाल पॉवर सप्लायमध्ये गेली तर दोघांचंही काही शिल्लक राहत नाही.

प्रत्यक्ष बसवण्याचं काम नवख्याला सोपं वाटतं, आणि इथेच तो अर्धा तास अडकतो. रॅकची रुंदी १९ इंच ठरलेली, उंचीचं माप 'यू'. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. उभ्या पट्टीवर एका यूमध्ये तीन चौकोनी भोकं असतात, पण ती सारख्या अंतरावर नसतात. यूच्या आतल्या भोकांमधलं अंतर जवळपास १५.९ मिलिमीटर, आणि एका यूचं शेवटचं भोक ते पुढच्या यूचं पहिलं भोक हे अंतर १२.७. म्हणजे जिथे दोन भोकं जवळजवळ आहेत, तिथे मधोमध यूची हद्द आहे. हे डोळ्यांना दिसायला लागलं की केज नट बरोबर भोकात जातात. हद्द चुकली की एका बाजूचा स्क्रू लागतो, दुसऱ्या बाजूचा लागत नाही, आणि पोरं मग ताकद लावतात. स्क्रू कधी ताकदीने लावायचा नाही. दोन्ही बाजूंना बोटांनी फिरला पाहिजे, मग शेवटचा पाव वळसा स्क्रूड्रायव्हरने. लांब आणि जड यंत्राला नुसते पुढचे कान पुरत नाहीत. मागच्या खांबांपर्यंत जाणारी रेल लावावीच लागते.

आतलं हार्डवेअर भरायचं असेल, म्हणजे जास्तीचं पोर्ट मॉड्यूल, मेमरी किंवा नोंदी ठेवायची एसएसडी, तर ते रॅकवर चढवायच्या आधी टेबलावर करते. दोन्ही पॉवर केबल काढलेल्या. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा, त्याची क्लिप यंत्राच्या उघड्या धातूला. डिसेंबरात भोरला हवा कोरडी असते, नायलॉनचा स्वेटर अंगात असतो. आपल्याला जाणवतही नाही एवढी स्थिर वीज चिपला मारायला पुरते. मॉड्यूल कडांना धरायचं, कपाटाच्या खणासारखं दोन्ही खाचांवर सरळ ठेवून आत सरकवायचं आणि शेवटी खटका मिटवायचा. मध्येच अडलं तर बाहेर काढून पुन्हा. आतल्या कनेक्टरची एक पिन वाकली की सगळं यंत्र कारखान्यात परत. रिकाम्या स्लॉटवरची पत्र्याची झाकणं मी कुणाला फेकू देत नाही. हवा पुढून आत येऊन मागून बाहेर पडावी असा हिशेब असतो. एक झाकण नसलं की ती तिथूनच पळते आणि प्रोसेसर तापतो. याच कारणाने रॅक लाकडी कपाटात बंद करू नये. जुन्या वाड्यातल्या ऑफिसांत तो मोह फार होतो.

दोन पॉवर सप्लाय असलेलं यंत्र घेतलं आणि दोन्ही केबल एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचल्या, हे दृश्य मी इतक्यांदा बघितलंय की आता गेल्या गेल्या तेच तपासते. एक केबल ऑनलाइन यूपीएसवर, दुसरी वेगळ्या यूपीएसवर किंवा निदान वेगळ्या सर्किटवर. नाहीतर दुसऱ्या सप्लायचे पैसे वाया.

फायबरच्या टोकांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. निळा कनेक्टर आणि हिरवा कनेक्टर दिसायला सारखे, पण हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं. एकमेकांत जोडले तर मध्ये फट राहते, प्रकाश वाया जातो, आणि लिंक कधी लागते, कधी तुटते. फायरवॉलच्या एसएफपी मॉड्यूलला निळा लागतो. घरोघरी येणाऱ्या फायबरच्या डब्याला बहुधा हिरवा असतो. जोडण्यापूर्वी टोक क्लीनरने पुसायचं, बोट लावायचं नाही आणि चालू टोकात डोळा घालायचा नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो. मग यंत्रालाच विचारायचं की प्रकाश किती पोचतोय. एक गिगाबिटच्या, लांब पल्ल्याच्या एलएक्स मॉड्यूलला साधारण उणे १९ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता येतो. आकडा त्याच्या जवळ गेला असेल तर आज चाललं तरी पावसात चालेलच असं नाही.

यंत्र पहिल्यांदा चालू करताना मी नेटवर्कची एकही तार लावत नाही. फक्त कन्सोल केबल, लॅपटॉप आणि ९६०० चा वेग. पडद्यावर ओळी सरकतात त्या वाचायच्या: मेमरी पूर्ण दिसली का, नवं मॉड्यूल ओळखलं का, पंखे फिरतायत का. मग कारखान्यातला पासवर्ड बदलायचा. मग फर्मवेअर, आणि ते चढवण्याआधी फाइलचा चेकसम जुळवायचा. त्यानंतर घड्याळ. घड्याळाला लोक क्षुल्लक समजतात. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असेल आणि पावसात दीर्घकाळ वीज गेली, तर यंत्र जागं होतं तेव्हा तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. मग सर्टिफिकेट चालत नाही, मुख्य शाखेशी व्हीपीएन लागत नाही, आणि सगळे इंटरनेटवाल्याला दोष देतात. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळ अधिकृत वेळेशी जुळलेलं असावं लागतं, नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. वेळच चुकीची असेल तर त्या नोंदींचा पोलिसांना काय उपयोग?

नियम लिहिताना सुरुवात एकाच नियमाने: सगळं बंद. मग जे लागतं तेवढंच उघडायचं. काउंटरचे संगणक एका भागात, पाहुण्यांचं वायफाय दुसऱ्यात, आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर पूर्णपणे तिसऱ्यात. डीव्हीआरवर माझा विशेष रोख असतो. चेअरमनना मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून त्याचा पोर्ट जगाला उघडा करून ठेवलेला असतो आणि पासवर्ड कारखान्यातलाच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या फौजेने अमेरिकेतल्या मोठ्या वेबसाइट काही तास पाडल्या होत्या. भोरच्या बाजारपेठेतला डीव्हीआरही अशा मालवेअरच्या लेखी तेवढाच कामाचा. चेअरमनना कॅमेरे जरूर दिसावेत, पण व्हीपीएनमधून.

काही यंत्रांत बायपास कार्ड येतं. वीज गेली की आतला रिले दोन पोर्ट सरळ जोडून टाकतो आणि इंटरनेट चालूच राहतं, पहारा नसताना. हे चालू ठेवायचं की बंद, हा निर्णय मी संस्थेकडून लेखी घेते. कॉलेजच्या लायब्ररीला ते चालेल. जिथे लोकांचे पैसे आहेत तिथे मी बंदच ठेवायला सांगते; तासभर काउंटर थांबलं तर थांबू दे.

सोपवण्याआधी साहेबांना रॅकसमोर उभं करून एक केबल काढते, मग ती परत लावून दुसरी काढते, मग वीजच बंद करते. यंत्र परत उठायला किती वेळ लागतो ते त्यांनी स्वतः घड्याळात बघावं. नंतर कॉन्फिगरेशनची प्रत पेनड्राइव्हवर, पाकिटात सील करून तिजोरीत. रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद: कुठली तार कुठल्या पोर्टला, न्यूट्रल-अर्थचा आजचा आकडा, सेल बदलल्याची तारीख. मेमध्ये, वळवाच्या आधी, पुन्हा एक फेरी ठरलेली असते. तेव्हा पंख्यांची धूळ काढायची, अरेस्टर तपासायचा, खड्डा मोजायचा आणि त्याच कागदावर नवा आकडा लिहायचा.